स्नॅपशॉट (नॅसवरील)

नॅस, म्हणजे नेटवर्कला जोडलेली डिस्कपेटी. तिच्यावरील माहिती एखाद्या क्षणी जशी होती तशी गोठवून ठेवण्याच्या सोयीला स्नॅपशॉट म्हणतात. पुढे फाइल चुकून पुसली गेली, बिघडली किंवा खंडणीखोर विषाणूने कुलूपबंद केली, तर त्या क्षणाची फाइल परत मिळवता येते. ठाणे जिल्ह्यात नौपाडा-वागळे इस्टेटपासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत सीए, वास्तुविशारद, छायाचित्रकार यांच्या कार्यालयांत अशी दोन-चार डिस्कची पेटी आता नवलाची नाही. पेटीत ‘रेड’ (माहिती अनेक डिस्कवर मिळून सांभाळण्याची पद्धत) आहे म्हणजे काळजी मिटली, हा समज मात्र चुकीचा. रेड फक्त डिस्क बंद पडल्यास उपयोगी. पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते.

ही कल्पना रुळवली ती अमेरिकेतील नेटवर्क अप्लायन्स (आजची नेटअ‍ॅप) कंपनीने. तिच्या ‘वाफल’ फाइलप्रणालीवरील १९९४च्या निबंधात कमाल २० स्नॅपशॉटची सोय वर्णिली आहे. २००५मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने अशीच सोय असलेली झेडएफएस फाइलप्रणाली मुक्तस्रोत म्हणून खुली केली, २००९मध्ये तशीच बीटीआरएफएस लिनक्सच्या गाभ्यात आली आणि ही सोय छोट्या पेट्यांपर्यंत उतरली.

स्नॅपशॉट ही नक्कल नव्हे. फाइल डिस्कवर ब्लॉकांत विभागलेली असते. स्नॅपशॉट घेताना फक्त या ब्लॉकांच्या पत्त्यांची यादी जपली जाते. म्हणून तो क्षणार्धात होतो आणि सुरुवातीला जागा जवळजवळ खात नाही. नंतर फाइल बदलली की नवा मजकूर नव्या ब्लॉकात लिहिला जातो, जुना ब्लॉक स्नॅपशॉटसाठी तसाच राहतो. ‘एवढ्या फाइली उडवल्या, तरी जागा का होत नाही?’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर इथेच आहे.

परत मिळवण्याचे मार्ग दोन. पहिला, संपूर्ण शेअर्ड फोल्डर मागच्या स्थितीवर नेणे. यात घाई नडते. सकाळी अकराला एकाने एका अशिलाची टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील माहिती बिघडवली आणि दुपारी सगळा फोल्डर दहाच्या स्थितीवर नेला, तर मधल्या वेळात इतरांनी केलेल्या नोंदीही गेल्या. सप्टेंबरअखेरच्या ऑडिटच्या धांदलीत हे परवडणारे नाही. दुसरा मार्ग सबुरीचा, आणि बहुतेक वेळा तोच बरोबर: विंडोजमध्ये फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ उघडून हवी ती वेळ निवडावी, त्या एका कंपनीचे आकडी नावाचे फोल्डर बाजूला कॉपी करावे, टॅलीत उघडून ताळेबंद पाहावा, मगच बिघडलेल्याच्या जागी ठेवावे. स्नॅपशॉटच्या वेळी टॅली उघडी असेल, तर माहिती अर्धवट लिहिलेली निघू शकते. म्हणून जेवणाच्या सुट्टीत किंवा कार्यालय बंद झाल्यावरचा स्नॅपशॉट अधिक भरवशाचा. काही पेट्यांवर स्नॅपशॉटच्या नावात ग्रिनिचची वेळ असते. तिथे दुपारी दोनचा स्नॅपशॉट साडेआठचा दिसतो आणि शोधणारा गोंधळतो.

खंडणीखोर विषाणू फाइली नव्याने लिहितो, त्यामुळे स्नॅपशॉटची जागा झपाट्याने भरते. जागेअभावी जुने स्नॅपशॉट आपोआप काढण्याची सोय चालू असेल, तर नेमके हवे तेच जातात. हल्लेखोराला अ‍ॅडमिनचा पासवर्ड मिळाला, तर तो स्वतःच ते पुसतो. अशा पेट्या बनवणाऱ्या सिनॉलॉजीने २०२३च्या आपल्या डीएसएम ७.२ या प्रणालीत ठरावीक मुदतीपर्यंत न पुसता येणारे स्नॅपशॉट दिले ते याच कारणाने. मार्च २०२१मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला आणि मुख्यालयासह प्रादेशिक कार्यालयांचे काम अडले. वागळे इस्टेट आणि डोंबिवलीची औद्योगिक वसाहत याच महामंडळाच्या. बॅकअप वेगळ्या नेटवर्कमध्ये असल्याचे महामंडळाने तेव्हा सांगितले होते.

स्नॅपशॉट त्याच पेटीत राहतो. पेटी चोरीला गेली, जळली किंवा पाण्यात बुडाली की तोही जातो. २६ जुलै २००५च्या पुरात उल्हास नदीकाठचे कल्याण बुडाले. तळमजल्यावर टेबलाखाली ठेवलेल्या पेटीचे अशा दिवशी काय होईल, हे इथल्या माणसाला सांगायला नको. स्नॅपशॉट दुसऱ्या पेटीवर पाठवता येतात. पण ठाण्याची प्रत डोंबिवलीत ठेवणे पुरेसे नाही, कारण दोन्हीकडे पाऊस एकच. पुणे-नाशिककडे नातलग वा शाखा असेल, तर ते ठिकाण बरे. दोन्ही पेट्या आधी एकाच कार्यालयात जोडून पहिली पूर्ण प्रत करून घ्यावी, मग दुसरी तिकडे न्यावी. त्यानंतर रोज रात्री फक्त बदललेले ब्लॉक जातात, आणि त्यासाठी साधे ब्रॉडबँड सहसा पुरते.