गोदीतील प्रतिध्वनी आणि हृदयाची भिंत

इतिहास म्हटला की राजे आणि लढाया आठवतात. आम्ही शाळेत फार टिकलो नाही. आम्हांला इतिहास अवजारांत दिसतो. अवजार कोणी, कशासाठी घडविले आणि ते कोणाच्या हाती गेले, एवढे विचारीत गेले म्हणजे पुष्कळ उलगडते. आज अशाच एका अवजाराची हकीकत सांगावयाची आहे.

१९४० साली मिशिगन विद्यापीठातील फायरस्टोन यांनी एका यंत्राच्या पेटंटासाठी अर्ज केला. कानाला न ऐकू येणारा ध्वनी धातूत सोडावयाचा आणि आतील तड्यावर आपटून परतलेला प्रतिध्वनी टिपावयाचा, ही त्यातील युक्ती. पुढे जहाजाच्या गोदीत लोखंडी जोड तपासण्यासाठी अशी यंत्रे वापरात आली.

१९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे एडलर या हृदयरोगतज्ज्ञांना प्रश्न पडला होता : शस्त्रक्रियेपूर्वी, छाती न उघडता, हृदयाची झडप आकसली आहे की नाही हे कसे समजावे? हेर्ट्झ या तरुण पदार्थवैज्ञानिकांनी जवळच्या माल्मो येथील कोकम्स गोदीतील यंत्र उसने आणून स्वतःच्या छातीवर लावून पाहिले. मग जर्मनीतील सीमेन्स कंपनीकडून यंत्र मिळाले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हलत्या हृदयाचे प्रतिध्वनी नोंदले गेले. जोड पारखणारे अवजार असे माणसाच्या काळजाशी आले.

शरीरात ध्वनी सेकंदाला सुमारे १५४० मीटर जातो. सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात प्रतिध्वनी परतला, तर भिंत ७.७ सेंटिमीटर खोल आहे. गणित सोपे, पण प्रतिध्वनी कशाचा, हे गणित सांगत नाही. एडलर यांना जी रेषा प्रथम डाव्या कर्णिकेच्या भिंतीची वाटली, ती झडपेच्या पडद्याची होती, हे पुढे शवविच्छेदनाच्या पडताळ्याने ठरले.

१९९० च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात फॉन राम आणि सहकाऱ्यांनी हलत्या हृदयाचे त्रिमितीय चित्र मिळविले. आता आतली भिंत आखावयाची, म्हणजे पोकळीत किती रक्त मावते ते कळते. हाताने हे काम वेळखाऊ. शिवाय ध्वनीला समांतर असलेली भिंत फिकी उमटते आणि बरगड्यांची सावली पडते. म्हणून यंत्राकडून आखणी करविण्याचे प्रयत्न झाले. १९८७-८८ मध्ये कास, विट्किन व टेर्झोपूलोस यांनी ‘सर्प’ ही रीत मांडली : रबरी दोऱ्यासारखी रेषा चित्रातील कडेकडे ओढली जाते, पण फार वाकत नाही. पुढे तज्ज्ञांनी हाताने आखलेल्या अनेक आकृत्यांवरून यंत्राला हृदयाची ठेवण शिकविण्यात आली.

२०१४ साली बॉस्टन येथे अशा पद्धतींची जाहीर परीक्षा झाली. ४५ रुग्णांची त्रिमितीय चित्रे घेतली होती. १५ जणांच्या आखण्या स्पर्धकांना दिल्या, ३० जणांच्या झाकून ठेवल्या. या आखण्या तज्ज्ञांच्या हातच्याच होत्या. म्हणजे यंत्राचा गुरूही माणूस आणि परीक्षकही माणूस.

हे आम्ही इतक्या आग्रहाने का सांगतो? हिशेब पाहा. भरलेल्या कप्प्यात १५० मिलिलिटर रक्त आहे आणि आकुंचनानंतर ९५ उरले. म्हणजे बाहेर गेले ५५, सुमारे ३७ टक्के. रेषा किंचित सरकली आणि उरलेले रक्त १०० भरले, तर उत्तर ३३ टक्के. फरक एका चमच्याचा; पण छातीत विजेचा धक्का देणारे यंत्र बसवावे की नाही, हे ठरविताना पाहिल्या जाणाऱ्या निकषांत ३५ टक्के ही एक सीमा आहे.

नवीन यंत्राला विरोध करणे हा आमचा धर्म नव्हे. त्याने तज्ज्ञाचा वेळ वाचतो, आणि तो वेळ रांगेतल्या पुढच्या रोग्याला मिळाला पाहिजे. मात्र यंत्राने आखलेली रेषा पुसून पुन्हा आखण्याचा अधिकार आणि त्यासाठी लागणारी सवड तपासणाऱ्याच्या हाती राहिली पाहिजे. गोदीतही यंत्र तड्याची खूण दाखवीत असे. जोड पक्का आहे असे म्हणून सही करणारा माणूसच असे. आपल्या घरच्या कोणाच्या कागदावर असा आकडा आला, तर डॉक्टरांना आदराने विचारावे : ही रेषा कोणी पाहिली?