पहारेकऱ्याची किल्ली : अलार्मचा कीपॅड

दाराशेजारच्या भिंतीवर अंकांचा एक लहानसा कीपॅड असतो. घर सोडताना चार आकडे दाबायचे, परतल्यावर तेच पुन्हा दाबायचे, एवढाच त्याच्याशी बहुतेक कुटुंबांचा संबंध. यंत्रणा बसविणारा तंत्रज्ञ जाता जाता जो कोड सांगून गेला, तोच वर्षानुवर्षे चालू राहतो. घराचे मालक बदलतात, भाडेकरू बदलतात, कामाला येणारी माणसे बदलतात. कोड मात्र तोच! अशा वेळी भिंतीवर अलार्म असूनही घर उघड्या दारासारखेच असते.

या यंत्रणेची रचना समजून घेण्यासाठी कॅनडातील डिजिटल सिक्युरिटी कंट्रोल्स, म्हणजेच 'डीएससी', या कंपनीची 'पॉवरसिरीज' मालिका हे चांगले उदाहरण ठरेल. पीसी १६१६, पीसी १८३२ आणि पीसी १८६४ ही तिची तीन पॅनेल. त्यांना अनुक्रमे १६, ३२ आणि ६४ झोन जोडता येतात. झोन म्हणजे एखादे दार, खिडकी किंवा हालचाल टिपणारा सेन्सर. उत्तर अमेरिकेत पूर्वी कोणी राहून गेलेले घर विकत घेणाऱ्या मराठी कुटुंबांनाही असा कीपॅड भिंतीवर आयता मिळू शकतो. अन्य कंपन्यांच्या कळा वेगळ्या असल्या, तरी मूळ तत्त्व सारखेच आहे.

दोन कोड, दोन अधिकार

यंत्रणेत शिरण्याच्या वाटा दोन. मास्टर कोड घरमालकाचा, तर इन्स्टॉलर कोड तंत्रज्ञाचा. कारखान्यातून येताना या मालिकेत मास्टर कोड १२३४ आणि इन्स्टॉलर कोड ५५५५ असा असतो. हे आकडे छापील पुस्तिकेतच दिलेले असल्यामुळे ते गुपित राहूच शकत नाहीत. म्हणूनच ते बदलणे हे पहिले काम.

मास्टर कोड बदलण्यासाठी यंत्रणा बंद असताना * आणि ५ दाबून चालू मास्टर कोड द्यावा. त्यानंतर ४० हा मास्टर कोडचा क्रमांक दाबून नवे चार आकडे द्यावेत आणि # दाबून बाहेर पडावे. याच मेनूतून ०१, ०२ अशा क्रमांकांवर घरातील प्रत्येकाला स्वतंत्र कोड देता येतो. कोणाचा कोड रद्द करायचा असल्यास त्याचा क्रमांक दाबून आकड्यांच्या जागी * दाबावे. स्वतंत्र कोडचा लाभ दुहेरी आहे. यंत्रणा कोणत्या क्रमांकाने केव्हा बंद केली, याची नोंद पॅनेलच्या स्मृतीत राहते. आणि एक व्यक्ती घरातून गेली, म्हणून सर्वांना नवा कोड पाठ करावा लागत नाही.

रोजच्या उपयोगाच्या आज्ञा

* आणि १ दाबून झोनचा दोन अंकी क्रमांक दिला, की तो झोन तात्पुरता वगळला जातो. यंत्रणा बंद करताच ही सवलत आपोआप संपते. * आणि २ दाबल्यास बिघाडाचे कारण कळते. पिवळा दिवा लागला असताना २ हा अंक दिसल्यास वीजपुरवठा खंडित आहे, ३ दिसल्यास टेलिफोनच्या तारेत दोष आहे, ८ दिसल्यास घड्याळाची वेळ पुसली गेली आहे, असे समजावे. * आणि ३ दाबल्यास यापूर्वीचा गजर कोणत्या झोनमुळे झाला ते दिसते, तर * आणि ४ ने दार उघडताच वाजणारी मंजुळ घंटी चालू-बंद होते. * आणि ६, पुढे मास्टर कोड आणि १ दाबून तारीख-वेळ लावता येते. १ ऐवजी ४ दाबल्यास सायरन दोन सेकंद वाजवून यंत्रणेची चाचणी घेता येते. यंत्रणा देखरेख केंद्राशी जोडलेली असेल, तर चाचणीपूर्वी त्यांना कळवणे अगत्याचे आहे. अन्यथा दारात पोलिस यायचे!

तंत्रज्ञाचा मेनू

* आणि ८ दाबून इन्स्टॉलर कोड दिला, की तीन अंकी विभागांचा मेनू उघडतो. ००१ या विभागात झोनचा प्रकार ठरतो. ०१ म्हणजे विलंबाने वाजणारा, ०३ म्हणजे तत्काळ वाजणारा, ०८ म्हणजे चोवीस तास जागा असलेला आगीचा झोन. ००५ मध्ये वेळा ठरतात. कारखान्यातून येताना घरात शिरल्यावर कोड दाबण्यास ३० सेकंद, बाहेर पडण्यास १२० सेकंद आणि सायरनसाठी ४ मिनिटे दिलेली असतात. वृद्धांच्या घरात ३० सेकंद अपुरे पडतात आणि खोटा गजर होतो. तेथे ही मुदत वाढवून घ्यावी. ००६ मध्ये इन्स्टॉलर कोड बदलतो. चुकीचा कोड किती वेळा दाबल्यावर कीपॅड बंद पडावा, हे ०१२ मध्ये ठरवता येते. चार अंकांचे कोड एकूण दहा हजारच होत असल्याने ही मर्यादा महत्त्वाची आहे.

या मेनूत घरमालकाने स्वतः हात घालू नये, हे खरे. झोनचा एक अंक चुकला, तर धुराचा सेन्सर चोराच्या सेन्सरसारखा वागू लागतो आणि यंत्रणा बंद असताना आगीची सूचनाच मिळत नाही. परंतु इन्स्टॉलर कोड बदलला आहे का, हे विचारण्याचा अधिकार त्याचाच आहे. घराचा ताबा घेताना किंवा देखरेखीचा करार संपवताना हा प्रश्न आवर्जून विचारावा. दाराचे कुलूप बदलण्याची आठवण सर्वांना होते. कीपॅडचे कोडही त्याच दिवशी बदलले पाहिजेत.