तारा तुटल्या, आवाज पोचला

२०२३ च्या अखेरीस मराठा आरक्षणाच्या आंदोलनात बीड आणि जालना जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आले होते. अशा वेळी साधा फोन आणि एसएमएस बहुधा चालू असतात. पण ज्यांचा सारा संवाद व्हॉट्सॲपवरच चालतो, त्यांना एकदम अंधारात लोटल्यासारखे होते. अशी वेळ उद्या बुऱ्हाणपुरात येईल, नाहीतर फोंड्यातही. आम्हा गोमंतकीयांना मात्र ही गोष्ट नवी नाही. मोबाइल नव्हता त्या काळी आमच्या वाडवडिलांनी ती भोगली आहे.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, कित्येक जण हुतात्मा झाले. त्यानंतर भारताने नाकेबंदी आणखी आवळली आणि कॅसलरॉकहून कुळ्याकडे उतरणारी रेलगाडी थांबली. मुंबईत पोटापाण्यासाठी गेलेला मुलगा एकीकडे, गावातली आई दुसरीकडे. गोव्यातल्या वृत्तपत्रांवर सालाझारशाहीचा सेन्सॉर होताच. म्हणजे बातमी यायची ती सरकारला हवी तेवढीच.

ही कोंडी फोडली एका गुप्त रेडिओ केंद्राने. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सहकाऱ्यांसह 'गोंयचे सोडवणेचो आवाज' सुरू केला. दिवसही नेमका निवडलेला: १५१० साली याच तारखेला आल्बुकेर्कने गोवा जिंकला होता. आधी आंबोलीच्या जंगलातून आणि मग कॅसलरॉकहून, पोर्तुगीज आणि कोंकणी भाषेत, डिसेंबर १९६१ पर्यंत हे प्रक्षेपण चालले. १९४२ साली मुंबईत उषा मेहतांचा 'काँग्रेस रेडिओ' तीनेक महिन्यांत पकडला गेला होता. हा आवाज सहा वर्षे टिकला!

त्याचे बळ केवळ यंत्रात नव्हते. ऐकणाऱ्याला वेळ ठाऊक होती, जागा ठाऊक होती आणि बोलणाऱ्यावर विश्वास होता. उणीव होती ती एकच. जंगलातून बोलणाऱ्याला उलट उत्तर ऐकू येत नव्हते. आपले शब्द कोणाच्या घरी पोचतात, ते ऐकताना कोण पकडला जातो, हे कळण्याचा मार्ग नव्हता. तरीही रोज बोलायचे. ही तपश्चर्या सोपी नव्हे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची वार्ता गोव्यावर उतरवली. पुढे ते विवाहबद्ध झाले. लिबिया लोबो सरदेसाई यांना २०२५ मध्ये, वयाच्या शंभरीत, पद्मश्री जाहीर झाली.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले, की इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही आणि तसा आदेश जाहीर करावाच लागतो. न्यायालयाचे काम न्यायालयाने केले. आपल्या घरापुरते काम आपले: चार नंबर कागदावर लिहून ठेवावेत, फोनची एक वेळ आधीच ठरवावी. आंबोलीच्या रानातली शिकवण एवढीच आहे.