ॲक्रिलिक रंगांची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप (विदर्भाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
कलेचा इतिहास सामान्यतः शैली, संप्रदाय आणि कलावंत यांच्या अंगाने लिहिला जातो. चित्र ज्या द्रव्याने रंगविले त्या द्रव्याचा इतिहास मात्र बहुधा तळटीपेत राहतो. आज महाविद्यालयातील भित्तिचित्र, स्नेहसंमेलनातील रंगमंच-सजावट किंवा विद्यार्थ्यांचे कलाप्रकल्प यांसाठी सर्वत्र ॲक्रिलिक रंग वापरला जातो. परंतु कोणता ॲक्रिलिक घ्यावा, हा प्रश्न दुकानदाराच्या सल्ल्यावर सोडला जातो. या रंगाचे निरनिराळे प्रकार निरनिराळ्या ऐतिहासिक गरजांतून जन्मले असून त्या गरजा ओळखल्यास निवड सुकर होते, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

रंगद्रव्य आणि बंधक :
कोणत्याही रंगाचे दोन मुख्य घटक असतात : रंग देणारे रंगद्रव्य आणि ते पृष्ठभागाला धरून ठेवणारे बंधक. गेरू, पिवळी माती, काजळी ही रंगद्रव्ये अजिंठ्याच्या लेण्यांपासून आजच्या ट्यूबपर्यंत चालत आली आहेत. बदलले ते बंधक. जलरंगात ते डिंक असते, तर तैलरंगात जवसाचे तेल. ॲक्रिलिकमध्ये ते कृत्रिम राळ असते.

बंधकाची आणि वरून दिलेल्या लेपाची निवड किती दूरवर परिणाम करते, याचे उदाहरण अजिंठ्यातच आहे. एकोणिसाव्या शतकात प्रतिकृती काढताना चित्रांवर व्हार्निश चढविले गेले. पुढे १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने पाचारण केलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रक्षणासाठी लाखेचा लेप दिला. हे लेप कालांतराने पिवळे पडून मूळ रंग झाकोळले आणि ते उतरविण्याचे काम नंतरच्या पिढ्यांवर आले. हेतू रक्षणाचाच होता. द्रव्याचा स्वभाव मात्र वेगळा निघाला.

ॲक्रिलिकचा उदय :
जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो रोम यांनी १९०१ मध्ये ॲक्रिलिक आम्लाच्या बहुवारिकांवर प्रबंध सादर केला. त्या संशोधनाच्या परंपरेतून १९३३ मध्ये प्लेक्सिग्लास हे पारदर्शक पत्रे बाजारात आले. चित्रकारांसाठीचा पहिला ॲक्रिलिक रंग १९४७ मध्ये अमेरिकेत लिओनार्ड बोकूर आणि सॅम गोल्डन यांनी ‘मॅग्ना’ या नावाने तयार केला. तो टर्पेंटाइनसारख्या द्रावकात विरघळणारा होता. १९५५ मध्ये हेन्री लेव्हिसन यांच्या कंपनीने ‘लिक्विटेक्स’ हा पाण्यात मिसळणारा रंग आणला. राळेचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवावयाचे आणि पाणी उडून गेल्यावर ते एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा तयार व्हावा, ही त्यामागील योजना होती. वाळल्यावर हा पापुद्रा पुन्हा पाण्यात विरघळत नाही. आजचे बहुतेक ॲक्रिलिक रंग याच दुसऱ्या घराण्यातील आहेत.

पुढे चित्रकारांच्या मागणीनुसार त्याचे प्रकार पडले. तैलरंगाप्रमाणे सुरीने जाड थर देता यावा म्हणून घट्ट रंग आला. सपाट आणि मोठ्या क्षेत्रासाठी मऊ रंग, बारीक रेषा व पातळ झिलईसाठी प्रवाही रंग, तर कापडासाठी इस्त्रीच्या उष्णतेने पक्का होणारा रंग तयार झाला. याशिवाय कलावंत-श्रेणी आणि विद्यार्थी-श्रेणी असा भेद आहे. पहिलीत रंगद्रव्याचे प्रमाण अधिक, तर दुसरीत भरणद्रव्य अधिक असते.

विदर्भाशी निगडित दोन चित्रकार :
सय्यद हैदर रझा यांचा जन्म १९२२ मध्ये तत्कालीन मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात बाबरिया येथे झाला. त्यांचे कलाशिक्षण आधी नागपूर येथे व नंतर मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात झाले. १९५० पासून ते फ्रान्समध्ये स्थायिक झाले. १९६२ मध्ये ते अमेरिकेत बर्कले येथे अध्यापनासाठी गेले. त्यानंतरच्या दशकात त्यांच्या चित्रांत तैलरंगाची जागा ॲक्रिलिकने घेतली. ‘तपोवन’ (१९७२) आणि ‘सौराष्ट्र’ (१९८३) ही त्यांची गाजलेली चित्रे कॅनव्हासवरील ॲक्रिलिक आहेत. काठ स्पष्ट असलेले वर्तुळ, त्रिकोण आणि बिंदू यांसाठी लवकर वाळणारे, एका थरावर दुसरा थर तत्काळ स्वीकारणारे माध्यम उपकारक ठरले असावे, असे म्हणता येते.

याउलट वासुदेव गायतोंडे यांचा जन्मच १९२४ मध्ये नागपूरला झाला. तेही जे. जे.चेच विद्यार्थी. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. म्हणजे नव्या माध्यमाचे जग त्यांच्याही समोर होते. तरीही कॅनव्हाससाठी त्यांनी तैलरंगच राखला. रोलर व सुरीने रंग लावणे, काढणे, पुन्हा लावणे या त्यांच्या संथ पद्धतीला दीर्घकाळ ओला राहणारा रंगच मानवणारा होता. या दोघांच्या उदाहरणांतून असे दिसते की माध्यम श्रेष्ठ वा कनिष्ठ नसते. ते कामाच्या रीतीला जुळणारे किंवा न जुळणारे असते.

भिंतीकडून कॅनव्हासकडे :
वारली चित्रे परंपरेने लग्नप्रसंगी सवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढीत. ती टिकावीत अशी अपेक्षाच नव्हती. पुढील लग्नात ती नव्याने काढली जात. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रोत्साहनाने जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे कागदावर व कापडावर आली आणि संग्रहालयांपर्यंत पोहोचली. १९८० च्या दशकाच्या आरंभी पाटनगढचे जनगढसिंह श्याम भोपाळच्या भारत भवनाशी जोडले गेले आणि गोंड भित्तिपरंपरा कागद व कॅनव्हासवर अवतरली. आज अनेक गोंड चित्रकार ॲक्रिलिकचाच वापर करतात. चित्राचे प्रयोजन विधीकडून संग्रहाकडे सरकताच टिकाऊपणा हा निकष अग्रस्थानी आला, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

निवडीचे निकष :
गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यासारख्या ठिकाणी हवामानाचा विचार अपरिहार्य आहे. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी प्रवाही रंग ब्रशवरच वाळू लागतो. म्हणून भित्तिचित्राचे काम सकाळी करावे किंवा वाळण्याची गती मंदावणारे माध्यम मिसळावे. हिवाळ्यात पहाटेचे तापमान १० अंशांखाली उतरते, तेव्हा राळेचे कण नीट एकजीव होत नाहीत आणि पापुद्रा कच्चा राहतो. ओल धरणाऱ्या मातीच्या भिंतीवर ॲक्रिलिकचा थर फुगून सुटण्याचा धोका असतो. तेथे चुना आणि मातीचे रंगच अधिक योग्य.

स्वस्तात जास्त पाणी घालून रंग वाढविण्याची प्रथा घातक आहे, कारण त्यामुळे बंधक विरळ होते. तैलरंगावर ॲक्रिलिक चढवू नये. प्रदर्शनानंतर चित्रे तोंडाला तोंड लावून कपाटात ठेवू नयेत. उष्णतेने ॲक्रिलिक मऊ होऊन ती परस्परांना चिकटतात. सरावासाठी विद्यार्थी-श्रेणी पुरेशी आहे. मात्र वर्षानुवर्षे राहणाऱ्या कामासाठी ट्यूबवरील प्रकाशस्थैर्याची खूण आणि रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक पाहूनच खरेदी करावी. कमी रंगांची, पण चांगल्या प्रतीची पेटी ही अनेक छटांच्या सामान्य पेटीपेक्षा अधिक किफायतशीर ठरते.

समारोप :
ॲक्रिलिकचा इतिहास जेमतेम पाऊण शतकाचा आहे. अजिंठ्याच्या दीड हजार वर्षांपुढे ही कालावधी फारच अल्प असल्याने त्याच्या चिरस्थायित्वाविषयी ठाम विधान करणे घाईचे होईल. तथापि काम कोणते, पृष्ठभाग कोणता, हवामान कसे आणि ते किती काळ टिकावे, हे चार प्रश्न रंग घेण्यापूर्वी विचारले गेले तर महाविद्यालयांचा अपुरा निधी सत्कारणी लागेल. कलाशिक्षक, इतिहासाचे आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक यांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील भित्तिचित्रांची तारीख, रंगाचा प्रकार आणि स्थिती यांची साधी नोंदवही ठेवली, तर पुढील पिढीच्या अभ्यासकांना स्थानिक पुरावा उपलब्ध होईल. या कामास मोठ्या अनुदानाची नव्हे, केवळ सातत्याची आवश्यकता आहे.