गुप्तदानाचे स्तोम

पूर्वपक्ष असा : या हाताने दिलेले त्या हाताला कळू नये. नाव लागले की दात्याचा अहंकार पोसतो, घेणारा ओशाळतो. म्हणून गुप्तदान हेच खरे औदार्य. हे मत हलके नव्हे. सभागृहातल्या पंख्याच्या पात्यांवर देणगीदाराचे नाव वाचलेल्या कोणालाही ते पटेल. तरीही ते टिकत नाही.

आधी शास्त्राधार. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाच्या कसोट्या दिल्या आहेत : कर्तव्यबुद्धी, परतफेडीची अपेक्षा नसणे, योग्य देश, काळ आणि पात्र. गुप्तता त्यांत नाही. मानासाठी दंभाने केलेले तप तिथे राजस ठरवले आहे खरे. पण तिथेही दोष हेतूचा आहे, प्रकटपणाचा नव्हे.

आता पुरावा. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ३,००० कार्षापण नाणी कायम ठेव म्हणून दिले. त्यांतल्या २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज. त्यातून लेण्यातल्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. हिशेब करून पाहा : वर्षाचे व्याज २४०, गरजही २४०. मुद्दल परत घ्यायचे नाही, हेही कोरले. सारा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदवला. तीन लाख गाई दिल्याची बढाई त्याच लेण्यातल्या त्याच्या दुसऱ्या लेखात आहे. ती खुशाल वगळा. जे उरते तो करार आहे. तो गुप्त असता, तर व्याज थकल्यावर भिक्षूंनी कशावर बोट ठेवायचे?

गुप्त दाता मोकळा असतो. आज देईल, उद्या थांबेल. जाब विचारणार कोण? जाहीर दाता स्वतःच्या शब्दाने बांधला जातो. देणे म्हणजे ताबा सोडणे असेल, तर जास्त कोणी सोडले?

नाव कोरणे ही धनिकांचीच हौस, असे म्हणावे तर कार्ल्याचे चैत्यगृह पाहा. तिथल्या लेखांत श्रेष्ठी आहेत, तसा धेनुकाकटचा सामी नावाचा सुतारही आहे. त्याचा लेख नसता, तर त्याचे श्रेय कोणा राजाच्या नावावर गेले असते. मौनाने नम्रता जपली जाईलच असे नाही; सामान्यांचा वाटा मात्र हमखास पुसला जातो.

उरला घेणाऱ्याचा संकोच. हा आक्षेप खरा आहे. पण त्यावर उपाय घेणाऱ्याचे नाव झाकण्याचा, देणाऱ्याचे नव्हे. शिष्यवृत्तीच्या फलकावर दाता असू द्या. व्यासपीठावर धनादेश घेणाऱ्या मुलाचे छायाचित्र नको. गुप्ततेचा आग्रह धरणाऱ्यांनी नेमके चुकीचे नाव झाकले आहे. निवाडा वाचकांनी करावा.