लोणारचं मीठ

वर्गात मराठी शिकवताना मी मुलांना शब्दांची एक गंमत सांगत असे. लवण म्हणजे मीठ. त्याचं झालं लोण, आणि त्यातून आलं आपलं लोणचं. ज्यात लवण नाही ते अलवण, म्हणजे अळणी. लोणार हे गावाचं नावही याच कुळातलं. फळ्यावर हे अनेकदा लिहिलं, पण ते खारं तळं पाहायचा योग काही येत नव्हता. गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच निवृत्त मित्र शनिवार-रविवार गाठून बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावी जाऊन आलो.

काठावर उभं राहिलं की आधी बोलणंच थांबतं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, उतारावर झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. उल्का काळ्या पाषाणावर आदळून हे विवर झालं, हे १९७३ सालच्या संशोधनानं पक्कं झालं. त्याआधी ज्वालामुखीचा तर्क होता. वय पूर्वी ५२ हजार वर्षं सांगत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मापनात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं निघालं.

सगळे बोलतात ते या उल्केबद्दल. मला मात्र वाटलं, उल्केचं काम एका क्षणात आटोपलं. पुढचा इतिहास मिठाचा आहे.

विवरात पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. ऊन पाणी घेऊन जातं आणि क्षार मागे राहतात. त्यात मीठ आहे तसा धुण्याचा सोडाही. आमच्यातल्या विज्ञानाच्या मास्तरांनी हळद लावलेला रुमाल पाण्यात बुडवला, तो लालभडक झाला. हळदीचं कुंकू होतं ते असंच.

लोकांनी या खारटपणाची आपल्या परीनं उकल केली. विष्णूनं लवणासुराला मारलं, तळ्याचं पाणी हे त्याचं रक्त आणि मीठ म्हणजे त्याचं मांस, असं सांगतात. त्याच विष्णूचं, दैत्यसूदनाचं, कोरीव मंदिर गावात आहे. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलला मात्र वेगळंच दिसलं. 'ऐन-ए-अकबरी'त त्यानं नोंदवलं की इथं काच आणि साबण करायचा माल मिळतो आणि सरकारला चांगलं उत्पन्न होतं. पुढे इंग्रजी अमदानीतही उन्हाळ्यात पाणी हटलं की क्षार गोळा करत. पापडी, भुस्की अशी त्यांच्या प्रकारांना नावं होती. एकाच मिठात कुणाला दैत्य दिसला, कुणाला महसूल!

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेही मिठामुळेच. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यातच फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांनी रंग धरला, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत दिसलं. पाऊस पडल्यावर रंग ओसरला. त्याच वर्षी तळ्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

आता खरी काळजीची गोष्ट. आपल्याकडे तळं भरलं की आनंद होतो. इथं हिशेब उलटा आहे. विवराच्या कडेला गोमुखाची गोड्या पाण्याची धार आहे, ती तर पूर्वापार. पण गावचं सांडपाणी आणि जादा गोडं पाणी खाली उतरत राहिलं, तर क्षार पातळ होणार आणि त्यावर जगणारे जीव जाणार. सांडपाण्याचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, ते उगाच नव्हे.

देवळाचा दगड फुटला तर डोळ्यांना दिसतो. मीठ कमी झालेलं दिसत नाही, ते मोजावं लागतं. म्हणून तिथं जाल तेव्हा मंदिरं पाहाच, पण सोबत चिमूटभर हळद न्या आणि नातवंडांना तो लाल रंग दाखवा. लोणार अळणी झालं, तर ते चारचौघांसारखं एक तळं होईल, आणि नावाचा अर्थ तेवढा फळ्यावर उरेल.