वृकमानव : काव्यात आणि न्यायालयात

टोबी बार्लो या अमेरिकन लेखकाची ‘शार्प टीथ’ ही कादंबरी २००७ साली प्रसिद्ध झाली. लॉस एंजेलिस शहरात टोळ्या करून राहणाऱ्या, श्वापदाचे रूप घेणाऱ्या माणसांची ही कथा सबंध मुक्तछंदात आहे. कादंबरी, आणि तीही पद्यात, म्हणून वाचक प्रथम बिचकतो. वस्तुतः मुक्तछंदातील दीर्घ रचना आपल्याला अपरिचित नाही. कवी अनिलांची ‘भग्नमूर्ती’ १९४० सालची. आणि वृकमानवाचा, म्हणजे लांडगा होणाऱ्या माणसाचा, पद्याशी संबंध तर दोन हजार वर्षांचा आहे.

रोमन कवी ओव्हिड याने आर्केडियाचा राजा लायकेऑन याची कथा सांगितली आहे. पाहुणा म्हणून आलेल्या देवापुढे त्याने नरमांस वाढले, आणि तो लांडगा झाला. परंतु केस पूर्वीसारखेच पिकलेले, डोळे तसेच जळजळीत. बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने हीच कल्पना उलटी केली. तिच्या ‘बिस्क्लाव्हरे’ या फ्रेंच पद्यकथेत सरदाराची बायको त्याची वस्त्रे दडवून ठेवते. त्यामुळे त्याला पुन्हा माणूस होता येत नाही. तरी तो लांडगा राजापुढे नम्रपणे वागतो, आणि राजा त्याला न्याय देतो.

हीच कल्पना न्यायालयात आली, तेव्हा मात्र माणसे मेली. १५८९ साली कोलोनजवळ बेडबुर्ग येथे पीटर स्टुम्प याने यातनांच्या धाकाने कबुली दिली, की सैतानाने दिलेल्या पट्ट्यामुळे आपण लांडगा होतो. त्याला हालहाल करून मारले. त्याच्या मुलीलाही जिवंत ठेवले नाही. पुढे १६०३ साली बोर्दो येथे झां ग्रेनिए हा पोरगा स्वतःला लांडगा म्हणवू लागला. तेथील न्यायाधीशांनी त्याची बुद्धी दुबळी ठरवली, आणि देहदंड न देता त्याला मठात ठेवले.

बार्लोच्या कादंबरीत भटकी कुत्री पकडणारा एक साधा माणूस टोळीतल्याच एका स्त्रीच्या प्रेमात पडतो. ती मोठ्याने वाचून पाहावी. ओळ तुटते तेथे आपला श्वास थांबतो, आणि निवाडाही क्षणभर थांबतो. बेडबुर्गला तेवढाही अवकाश कोणी दिला नव्हता.